दुसरा अंक अडलाय: घरातली वाटणी रंगमंचावर भांडायची कशी?

ओसरी

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या हौशी गटासाठी दोन अंकी नाटक लिहितोय. वाळवा तालुक्यातलं उसाचं घर. आप्पा वारून वर्ष झालंय, वर्षश्राद्धाला तिन्ही भावंडं जमली आहेत. थोरला दादा शेती बघतो, मधला सुहास पुण्यात नोकरीला, धाकटी नंदा कोल्हापूरला दिलेली. दादाच्या मनात आहे की सगळे जमलेत तोवर नंदाकडून हक्कसोड (जमिनीतला वाटा सोडल्याचा कागद) घेऊन टाकावी. पहिल्या अंकाचं वाचन छान झालं. दुसऱ्या अंकात कागद बाहेर येतो आणि नाटकच बसतं. नमुना देतो:

सुहास: दादा, तू मला कायम परकं मानलंस. पुण्याला गेलो म्हणजे माझा हक्क संपला?
दादा: हक्क? आप्पांच्या आजारपणात कुठे होतास तू? मी माझं आयुष्य या मातीत घातलं!
नंदा: तुम्ही दोघेही स्वार्थी आहात. मला काय हवंय हे आजवर कुणी विचारलं का?

वाचनानंतर आमच्या दिग्दर्शक बाई एवढंच म्हणाल्या, "हे घर नाही, कोर्ट आहे. तिघांनीही वकील केलेत." लागलं मनाला, पण खरं आहे. तिघांचंही म्हणणं मला पटतं, म्हणून तिघांनाही पूर्ण बोलू दिलं. चुकतंय कुठे?

कढीलिंब

बाई बरोबर आहेत. "मला काय हवंय हे कुणी विचारलं का" हे वाक्य मी फक्त मालिकांत ऐकलंय. आमच्या घरात कुणी बोललं असतं तर आजीने आधी ताप बघितला असता.

विंगेतली

बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर कामं करतेय, म्हणून नटाच्या बाजूने सांगते. "मी माझं आयुष्य या मातीत घातलं" असं वाक्य हातात आलं की नट दोन पावलं पुढे येतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो आणि टाळी घेऊन मागे जातो. दुसरं काही करायला तुम्ही त्याला ठेवलेलंच नाही. मनातलं सगळं तोंडात दिलंत, हात रिकामे राहिले.

तुमच्याकडे वर्षश्राद्धाचं घर आहे, म्हणजे खजिना आहे. पंगत आहे. पहिल्या पंगतीला कोण बसतं? सुहासची पुण्याची बायको नवऱ्याशेजारी पान मांडून बसली तर आत स्वयंपाकघरात काय होईल? तूप कोण वाढतं, कुणाच्या पानात धार जरा जास्त पडते? नंदा पदर खोचून आत शिरली आणि वहिनी म्हणाली, "नंदाताई, तुम्ही बसा, तुम्ही कशाला आता?" ऐकायला किती गोड! आणि त्या गोडपणात तिला तिच्या आईच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढलंय. याच्यावर नंदा काय उत्तर देणार? काहीच नाही, जाऊन बसेल. पण तिचं ते बसणं मी दहा मिनिटं खेळू शकते.

माझी पद्धत सांगते. प्रवेश लिहिताना आधी घरकाम लिहा. वाती वळणं, पत्रावळी मोजणं, पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळणं, काहीही. ते काम पूर्ण व्हायला हवं अशी घाई असू द्या. भांडण त्या कामाच्या मधे मधे येऊ द्या.

ओसरी

"तुम्ही बसा, तुम्ही कशाला आता" हे चोरतोय. कळवून ठेवतो.

फेरफार_सहा

महसूल खात्यात हयात गेली. नाटकातलं मला कळत नाही, पण कागद चुकीचा दाखवलात तर आमच्यासारखे प्रेक्षक तिथेच उठतात. काही गोष्टी.

पहिली. घरातल्या टेबलावर साध्या स्टँपवर सही करून हक्कसोड होत नाही. दस्त नोंदवावा लागतो. दुय्यम निबंधकाकडे जायचं, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफाराची (हक्क बदलल्याची) नोंद, संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार आणि तेव्हा कुठे सातबारावरून नाव कमी. म्हणजे तुमच्या नंदाला "कर सही" म्हटल्यावर लगेच रागाने पेन फेकायची सोय नाही. तिला गाडीत बसून तालुक्याला जावं लागेल, बाकड्यावर नंबर लागेपर्यंत बसावं लागेल. नोकरीत असताना ही बाकडी मी रोज बघितली आहेत. भाऊ बहिणीला उसाचा रस आणून देतो. बहीण म्हणते, "तुला घे की आधी." कुणाचाही आवाज चढलेला नसतो.

दुसरी आणि महत्त्वाची. तुमचं नाटक कोणत्या साली घडतं? नंदाचं लग्न कधीचं? बाप कधी गेला? यावर सगळं आहे. बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात लेकीला १९५६ पासून वाटा आहेच, म्हणून हक्कसोडी तेव्हापासून घेतल्या जातात. वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४ ला दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून बाहेर. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीचं लग्न त्या मे महिन्यात, दुसरीचं पुढच्या वर्षी, तर थोरलीला फक्त बापाच्या हिश्श्यातला तुकडा आणि धाकटीला भावाच्या बरोबरीचा वाटा. आमच्या कार्यालयात अशा बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. बाप त्या तारखेला हयात हवा की नको यावर पुढे वर्षानुवर्षं घोळ चालला, तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला: नसला तरी चालेल.

आता यातली कुठली तारीख तुमच्या घरावर पडते ते ठरवा.

ओसरी

साहेब, मी "साधारण हल्लीचं" एवढंच ठरवलं होतं. लाज वाटली. आता असं करतोय: नंदाचं लग्न १९९३. आप्पा वारले २००५ च्या नोव्हेंबरात. नाटक २००६ च्या अखेरीस. म्हणजे १९९४ च्या कायद्यात नंदा बाहेर होती, आणि आप्पा जायच्या दोन महिने आधी ती आत आली. दादाला सोसायटीत कुणीतरी सांगितलंय, "कायदा बदलला बरं का, बहिणीचं उरकून घ्या." आता त्याची घाई मला कळते. आधी तो नुसता लोभी वाटत होता.

कढीलिंब

फेरफार_सहा, तो रसाचा पेला डोक्यातून जाईना.

रोखठोक_रायगड

सगळे म्हणताहेत मनातलं बोलू नका, आडून बोला, तूप वाढा. माझा विरोध नोंदवतो. आमच्या घरात सगळे सगळं बोलतात, तेही अंगणात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. काकाने आजोबांच्या तेराव्याला वडिलांची कॉलर धरली होती. खरी माणसं ओरडतात हो! हल्ली जरा कुणी मोठ्याने बोललं की "मेलोड्रामा" म्हणून नाकं मुरडायची फॅशन आलीय. कुजबुजणं म्हणजेच कला, असं कुणी ठरवलं?

विंगेतली

ओरडण्याला माझी ना नाही. पण आठवून सांगा, काकाने कॉलर धरली तेव्हा तो काय म्हणत होता?

रोखठोक_रायगड

हं. सायकल. वडिलांना अकरावीला सायकल घेतली होती आणि काकाला नाही. तेरावा २००१ चा, सायकल १९६८ ची.

विंगेतली

बघा. आवाज टिपेला आणि विषय सायकल. "तू मला परकं मानलंस" हे काकांनी म्हटलंच नाही, सायकल म्हटलं. ओसरींच्या सुहासला एक सायकल द्या, मग खुशाल ओरडू द्या.

रोखठोक_रायगड

मान्य. तरी एक सांगतो, ओरडणं राहू द्या. शेवटपर्यंत सगळे गिळतच बसले तर प्रेक्षक घरी जाऊन त्यांच्या वतीने भांडतील.

वऱ्हाडी_ठेचा

सायकलीवरून आठवलं. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकात ट्रॅक्टर आहे, वाड्यात गंजत पडलेला. बाप मेलाय आणि घरात भांडण कशाचं, तर तेरवीच्या खर्चाचं. गावजेवण घालायचं की नाही. पैसे नाहीत हे सगळ्यांना माहीत, पण "आपण आता पहिल्यासारखे देशपांडे राहिलो नाही" हे कोण म्हणणार? मग खर्चावर बोलतात. आमच्याकडे तेरवीचा हिशेब हा हिशेब नसतेच कधी. ओसरी, तुमचं उसाचं घर आहे. त्या घरात गंजतंय काय, ते शोधा.

ओसरी

शोधतो. सध्या डोक्यात सहकारी कारखान्याचा शेअर आहे. तो आप्पांच्या नावावर. दिवाळीला सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते. ती साखर आली की आप्पा तिचे तीन भाग करायचे, एक नंदाच्या घरी पोचायचा. यंदा आप्पा नाहीत. साखर आलीय, आणि ती किती मोजायची हे आता कोण ठरवणार?

वऱ्हाडी_ठेचा

झालं की मग. कागद लपवा, साखर दाखवा.

घाटाखाली

आमच्याकडे साखरेच्या जागी गणपती. मूळ घर सामायिक, सातबारावर नावांची ही रांग, निम्मे मेलेले, निम्मे मुंबईत. घरात चार चुली. पण गणपती एक, आणि त्याची पाळी वर्षावर्षाने फिरते. भावाभावांत बोलणं बंद झालं की पहिला प्रश्न येतो, यंदा पाळी कुणाची आणि आरतीला उभं कोण राहणार. आमच्या एका घरात दोघे भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण दरवर्षी एकाच देवासमोर शेजारी उभे राहून एकाच सुरात आरती म्हणायचे. एकाने टाळ वाजवायचे, दुसऱ्याने घंटा. कोकणातलं नाटक लिहाल तेव्हा घ्या हे, माझ्याकडून भेट.

शुद्धलेखन_नको

इतकं बोललात सगळे, पण मराठी लेखकाच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार कुणी काढलंच नाही. सर्वनाम.

आपल्याकडे "आपण" आणि "आम्ही" वेगळे आहेत. "आपण विहीर खणली" यात समोरचा आहे. "आम्ही विहीर खणली" यात तो नाही. ज्या दिवशी भाऊ बहिणीशी बोलताना "आपल्या मळ्यात" ऐवजी "आमच्या मळ्यात" म्हणतो, त्या दिवशी वाटणी झालेली असते, तलाठ्याला कळायला वर्ष लागतं. बरं, हे म्हणणाऱ्यालाही कळत नाही. ऐकणाऱ्याला मात्र लगेच कळतं, आणि ते बोलून दाखवता येत नाही. "तू आम्ही का म्हणालास" असं विचारणारी बहीण वेडी ठरेल.

तसंच "तू" आणि "तुम्ही". धाकटा भाऊ थोरल्याला जन्मभर "तू" म्हणत आला आणि एका संध्याकाळी "दादा, तुम्ही ठरवाल तसं" म्हणाला, तर तो मान नव्हे, दार लावणं आहे. आणि नाती. आईशी बोलताना भावाचं नाव न घेता "तुझ्या थोरल्याला सांग" म्हणणं. भावजयीला "वहिनी" सोडून "दादाची बायको" म्हणणं. ओसरी, तुमच्या त्या तीन वाक्यांत तिघेही एकमेकांना सरसकट "तू-तुम्ही-मी" करताहेत. त्यात "आपण" एकदाही नाही. मोडायला आधी "आपण" हवं ना! पहिल्या अंकात ते भरपूर पेरा. दुसऱ्यात एकच काढून घ्या.

फक्त एक विनंती. पात्राला त्यावर बोट ठेवू देऊ नका. ज्यांना ऐकू येईल त्यांना येईल.

ओसरी

पहिला अंक उघडून मोजलं. "आपण" दोनदा. त्यातलं एक "आपण कोण?" असं पोस्टमनला विचारलेलं.

मांडवीकाठ

गोव्यातून एक अवांतर. इथे पोर्तुगीज काळापासूनचा वारसा कायदा, मुलगा आणि मुलगी सारखेच, आई-बापाला मुलांना पूर्ण बेदखल करता येत नाही. हक्कसोडीचा दबाव इथेही असतोच, पण तुमच्या नाटककाराला आवडेल अशी गोष्ट वेगळीच. वाटणी जमली नाही तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटपाचा, दावा लागतो, आणि त्यात वारसांना एकेका मालमत्तेवर आपसात बोली लावता येते. म्हणजे ज्या घरात जन्मलात त्याच घरावर भाऊ बहिणीच्या वर बोली चढवतो, कोर्टात, वकिलांसमोर. शिवाय लग्नानंतर मालमत्ता नवराबायकोची सामायिक धरतात, म्हणून विक्रीला जावयाचीही सही लागते. आमच्या भाटात (बागायतीत) एक जावई वीस वर्षं तोंड न उघडता चहा पीत आला, आणि विक्रीच्या दिवशी तो एकटाच "नाही" म्हणाला. तुमच्या नंदाच्या नवऱ्याचं काय? तो आहे का नाटकात?

ओसरी

नाही. त्याला बस चुकलीय. (खरंच, पहिल्या अंकात तसं लिहिलंय.)

थोरली_जाऊ

दोन दिवस वाचतेय. सगळ्यांनी दादा, सुहास, नंदा, जावई, गणपती सगळ्यांची विचारपूस केली. वहिनीचं कुणी काही बोललं नाही. त्या "तुम्ही बसा"पुरती आली आणि परत आत गेली.

आप्पांच्या आजारपणात "तू कुठे होतास" असं दादा विचारतो. दादा तरी कुठे होता? मळ्यात असेल, सोसायटीत असेल. आप्पांची कूस कोण बदलत होतं, भांडं कोण देत होतं? कागदावर सगळ्यांचं काही ना काही आहे. तिचं काहीच नाही. दादाच्या नावामागे उभी, इतकंच. पण घरातली प्रत्येक किल्ली तिच्या कमरेला.

आणि एक विचारते. ही बाई पण कुणाची तरी लेक आहे ना? तिच्या माहेरी जमीन असेलच. तिने तिथे काय केलं?

माझं सांगते. मी सही दिली आहे, माझ्या माहेरी. कुणी जबरदस्ती केली नाही. भाऊ म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं." एवढंच म्हणाला आणि गाडी सांगून ठेवली होती. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं तर भाऊबीजेला कुठे जायचं? नंतर काही वर्षांनी माझ्या नणंदेची वेळ आली तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, की आता ही समजावेल. मी समजावलं पण. खूप छान समजावलं. त्या दिवसाचा मला अजून राग येतो, आणि कुणावर आहे ते नीट सांगता येत नाही.

तुमच्या वहिनीला खलनायिका करू नका. पण तिला निर्मळही ठेवू नका.

शुद्धलेखन_नको

...

रोखठोक_रायगड

काही बोलायचं नाही यावर. ओसरी, लिहा आता.

ओसरी

चार दिवस लागले. जुना प्रवेश पूर्ण फाडला. सुहासला अंगणात पाठवलंय, त्याचं ओरडणं पुढच्या प्रवेशात येतं (सायकल नाही, क्रिकेटचे पॅड). हा तुकडा बघा.

*(माजघर. वहिनी पोत्यातली साखर मापाने पिशवीत भरतेय. नंदा बॅग आवरतेय. कागद कोनाड्यात, चष्म्याच्या डबीखाली.)*

नंदा: बास वहिनी. एवढी कशाला?
वहिनी: दरसाल जाती तेवढीच हाय.
नंदा: आप्पा असताना जरा कमीच असायची.
वहिनी: आप्पा हातानं भरायचे. मी मापानं भरती.
*(दादा येतो. कोनाड्याकडे बघतो, मग खाली बसतो.)*
दादा: नंदे, उद्याच्याला राहा की. इस्लामपूरला जाऊन येऊ सकाळी. आम्ही गाडी सांगितलीया.
*(नंदा बॅगेची चेन लावते. ती मधेच अडकते. परत उघडते.)*
नंदा: उद्या आमच्याकडे पाहुणे हायत.
*(वहिनीचं माप थांबतं.)*
दादा: मग परवा.
नंदा: बघू.
दादा: बघू न्हवं. सांगून ठेवलंय तिथं. *(वहिनीला)* तू तरी सांग की जरा.
*(शांतता. वहिनी माप भरते, पिशवीत ओतते.)*
वहिनी: सोमवार होता.
दादा: काय?
वहिनी: मी सही दिली तवा. सोमवार होता, उपास होता माझा. भावानं हाफिसाबाहेर शाबूची खिचडी आणून दिली. गरम होती. *(पिशवीला गाठ मारते.)* त्या दिवाळीला न्यायला आलाच न्हाई. *(पिशवी नंदापुढे ठेवते.)* न्या.

कढीलिंब

"आप्पा हातानं भरायचे. मी मापानं भरती." इथेच संपलो मी.

विंगेतली

"आम्ही गाडी सांगितलीया" आणि त्यावर "आमच्याकडे पाहुणे". जमलं. अडकलेली चेन ठेवा, नटीला वरदान आहे. एकच कापा: "न्यायला आलाच न्हाई". खिचडी गरम होती, इथे थांबा. पुढचं वाक्य खिचडीचा अर्थ सांगतं.

थोरली_जाऊ

कापू नका. खिचडीवर थांबणं तुम्हाला नाटकवाल्यांना आवडेल. पण ही बाई पंधरा-वीस वर्षं गप्प होती, तिला एक वाक्य पूर्ण बोलू द्या.

विंगेतली

हं. तसं बघितलं तर... पण मग ते गाठ मारून झाल्यावर नको. गाठ मारता मारता म्हणू दे, दातात दोरा धरून. अर्धं ऐकू आलं तरी चालेल.

फेरफार_सहा

सोमवार चालेल, कार्यालय उघडं असतं. दादाला ओळखपत्र आणि साक्षीदारांचं विचारा, दोन साक्षीदार कोण ते त्याने ठरवलंय का? बहुधा सुहासला धरून चाललाय तो. सुहासला माहीत आहे का?

ओसरी

नाही! त्याला माहीत नाही! साहेब, पुढचा प्रवेश तुम्हीच दिलात. पॅडचं भांडण इथूनच सुरू करतो. गुरुवारी तालीम लावतोय. एक बारीक शंका: तालमीला रोज पाच किलो साखर ओतायची म्हणजे मुंग्या येणार. रवा चालेल का?

विंगेतली

तालमीला चालेल. प्रयोगाला साखरच आणा. रवा पडताना आवाज येत नाही.